सांदण दरी: वर ऊन, खाली पूर

आजचा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही देतोय, म्हणजे ट्रेनच्या गर्दीत इअरफोन काढता आला नाही तर वाचता येईल. बोलतानाचे बरेचसे 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' गाळलेत. काही राहिले असतील तर सांभाळून घ्या.

००:२० | ती रील तुम्हीपण पाहिलीये

लालभडक दगडाची अरुंद दरी, वरून उन्हाची एक तिरीप आणि मधून चालणारी टोपीवाली मुलगी. ती रील अमेरिकेतल्या अॅरिझोनाची किंवा युटाची असते. खाली कमेंटमध्ये आपलाच कुणीतरी लिहितो, "भावा, आपल्याकडे असं काही का नाही?"

आहे की! वाशीहून साधारण पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरवर. फक्त आपली दरी लाल नाही, काळी आहे. नाव सांदण दरी. अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात साम्रद नावाचं गाव आहे, त्याच्या अगदी शेजारी. 'सांदीकोपरा' म्हणतो ना आपण? सांद म्हणजे फट. दरी बघितली की हे नाव किती चपखल आहे ते कळतं. (फणसाच्या रसाचं सांदण वेगळं. तेही छान लागतं, पण तो एपिसोड नंतर.)

मी तिथे दोनदा गेलोय. पहिल्या वेळी आत शिरलो आणि अर्ध्या तासात परत फिरलो, चिडून. दुसऱ्या वेळी दिवसभर फिरलो. खरं सांगायचं तर शिकलो त्या पहिल्या अर्ध्या तासात. म्हणून आज तीन गोष्टी बोलू: ही दरी झाली कशी, त्यातून चालायचं कसं आणि कधी चालायचं नाही. पहिली गोष्ट समजली की तिसरी आपोआप समजते, म्हणून जरा धीर धरा.

०१:५० | त्यांची लाल, आपली काळी

अॅरिझोनाचं प्रसिद्ध अँटिलोप कॅन्यन नॅव्हाहो सँडस्टोन नावाच्या वालुकाश्मात कोरलं गेलंय. युटाच्या झायन नॅशनल पार्कमधल्या उंच भिंतीही त्याच दगडाच्या. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी तिथे प्रचंड वाळवंट होतं. त्या वाळूच्या टेकड्या दबून, घट्ट होऊन दगड झाला. वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर आहे, म्हणजे सरळ भाषेत गंज. म्हणून तो दगड लाल.

आपला सह्याद्री बेसॉल्टचा, म्हणजे थंड झालेल्या लाव्ह्याचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबलचक भेगा पडून लाव्हा बाहेर आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. थरावर थर साचत गेले. आजही या दगडानं सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापलीये आणि पश्चिम घाटात त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. याला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. यातला 'ट्रॅप' म्हणजे सापळा नव्हे. स्वीडिश भाषेत जिन्याला 'ट्रापा' म्हणतात, त्यावरून तो शब्द आला. कुठल्याही गडावरून समोरचा डोंगर बघा, पायऱ्या दिसतातच. आपली पारसिकची टेकडी आणि खारघरचे डोंगर याच कुटुंबातले.

आता एक गंमत. लाल रंग आपल्याकडेही आहे, फक्त पट्ट्यांमध्ये. सह्याद्रीत घाटरस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो, तिथे काळ्या दगडाच्या मधोमध कधीकधी विटकरी रंगाचा आडवा पट्टा दिसतो. लाव्ह्याचे दोन थर पडले त्यांच्या मध्ये बराच काळ गेला असेल, तर खालच्या थराचा वरचा भाग झिजून त्याची माती होते. त्या मातीतलं लोह गंजतं आणि मग वरून नवा तप्त लाव्हा येऊन ती माती भाजून काढतो. भूगर्भवाले त्याला 'बोल'चा थर म्हणतात. पुढच्या वेळी घाटात गाडी जाम झाली की रील्स सोडा आणि तो पट्टा शोधा.

०४:०० | फट पडली कशी?

लाव्हा थंड होताना आकसतो. आकसला की त्याला उभ्या भेगा पडतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल, तर तिथले उभे खांब असेच तयार झालेत. शिवाय नंतरच्या काळातल्या हालचालींमुळेही खडकात लांबच लांब तडे जातात.

आता यावर सह्याद्रीचा पाऊस आणा. पाणी आळशी आहे, ते अख्खा डोंगर खात बसत नाही. जिथे तडा आहे तिथे शिरतं आणि सोबत दगड-गोटे घेऊन जातं. हे गोटे सँडपेपरसारखं काम करतात. तडा रुंद होण्यापेक्षा खोल जास्त होत जातो, कारण पाण्याचा सगळा जोर तळाशी असतो. असं लाखो वर्षं चाललं की मिळते एक उभी, अरुंद, खोल फट.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की हे काम वर्षभर झुळझुळ वाहणाऱ्या पाण्याने होत नाही. ते होतं लोंढ्याने. थोडा वेळ, प्रचंड पाणी. अॅरिझोनाची लाल दरी आणि आपली काळी सांदण, दोघींच्या दगडात, वयात, हवामानात काही साम्य नाही. पण दोघींना कोरणारा कारागीर एकच. ज्या भिंतीवर हात ठेवून आपण फोटो काढतो, ती भिंत पुराने घासून केलीये. आणि तो कारागीर काम संपवून घरी गेलेला नाही.

०५:३० | एका दिवसाची वाट

आता ट्रेकबद्दल. आम्ही दुसऱ्या वेळी जानेवारीत गेलो. शुक्रवारी रात्री ऐरोलीहून निघालो. कसारा घाट, इगतपुरी, मग घोटीला हायवे सोडायचा. बारी गाव लागतं, म्हणजे कळसूबाईचा पायथा. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. पुढे शेंडी, म्हणजे ज्याला आपण भंडारदरा म्हणतो ते गाव. तिथून जलाशयाच्या कडेकडेने साम्रद. गाडी नसेल तर ठाण्याहून कसारा लोकल पकडायची आणि कसाऱ्याहून जीप. त्या जीपवाल्याशी आधीच फोनवर बोलून ठेवा. रात्री स्टेशनवर उतरून शोधू म्हणाल तर थंडीत कुडकुडत बसाल.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन खात्याची प्रवेश फी भरायची, पावती घ्यायची. गावातून वाटाड्या घ्यायचाच. का, ते पुढे येईल.

गावातून दरीचं तोंड जवळच आहे. गंमत म्हणजे इतर ट्रेकला आपण आधी चढतो, इथे आधीच उतरतो. सपाट माळावरून चालता चालता जमीन दुभंगते आणि आपण तिच्या आत असतो. दोन्ही बाजूंना कातळ, वर आकाशाची पट्टी. काही ठिकाणी भिंती दोनशे फुटांहून उंच आहेत. काही ठिकाणी दरी इतकी अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडे कातळ लागतो. तळाशी ऊन फार थोडा वेळ येतं. बाहेर घाम आणि आत फ्रिज उघडल्यासारखं.

मग पाणी. सुरुवातीला दोन डोह लागतात. पहिला साधारण गुडघ्या-मांडीपर्यंत, दुसरा कमरेपर्यंत, कधी छातीपर्यंत. पाऊस संपून किती महिने झाले त्यावर ते अवलंबून. उन्हाळ्याकडे पाणी आटत जातं. जानेवारीत ते इतकं गार होतं की आमच्यातला सगळ्यात बडबडा माणूस दोन मिनिटं गप्प झाला. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, बॅग डोक्यावर आणि पायाने दगड चाचपत पुढे.

डोहांच्या पलीकडे खरी मेहनत आहे. फ्रिजएवढे, रिक्षाएवढे, काही तर टेम्पोएवढे दगड एकमेकांवर पडलेले. त्यांच्यावरून, मधून, खालून जायचं. बूट चांगल्या ग्रिपचे हवेत, स्पोर्ट्स शूज गुळगुळीत झाले असतील तर घरी ठेवा. एक जाताजाता सांगतो, हे दगड इथे कुणी आणून टाकले हा प्रश्न स्वतःला विचारा. काही वरून कोसळलेत. पण ज्यांच्या कडा गोल झाल्यात, ते पाण्याने ढकलत आणलेत.

शेवटी दरी संपते तिथे मोठा कडा येतो. पुढे दोर लावून रॅपलिंग करतच उतरावं लागतं. तज्ज्ञ टीम आणि सामान असेल तर लोक खाली उतरून डेहणे गावाकडे जातात किंवा करोली घाटाने वर साम्रदला परत येतात. पण लक्षात घ्या, दोराने एकदा उतरलात की मागे फिरायचा पर्याय संपला. एक दिवसाचा साधा हाइक असेल तर त्या कड्याच्या अलीकडेच थांबायचं आणि आल्या वाटेने परतायचं. जाऊन-येऊन तीन ते चार तास धरा. तिथे बसलं की समोर कोकण खाली पसरलेलं दिसतं. बाजूला आजोबाचा डोंगर, पाठीमागे रतनगड. आपण अक्षरशः सह्याद्रीच्या काठावर बसलेलो असतो. रतनगडावरून निघणारी प्रवरा पूर्वेला जाऊन गोदावरीला मिळते, म्हणजे ते पाणी बंगालच्या उपसागरात जातं. आणि आपल्या पायाखालून जाणारं सांदणचं पाणी पश्चिमेला, कोकणात. एकाच गावाच्या शिवारात पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो.

वर आल्यावर गावात पिठलं-भाकरी आणि ठेचा. याचं वर्णन करत नाही, तुम्ही डबा खात ऐकत असाल.

०९:०० | पहिली वेळ

आता त्या पहिल्या वेळेबद्दल. ऑक्टोबर होता. आम्ही पाच जण, सगळे ऑफिसमधले. पाऊस संपला असं आम्ही ठरवून टाकलं होतं, कारण नवी मुंबईत आठवडाभर कडक ऊन होतं. साम्रदमध्येही सकाळी निळंभोर आकाश. वाटाड्या म्हणून गावातले एक मामा होते, पन्नाशीचे. ते निघतानाच म्हणाले, "दुसऱ्या डोहापर्यंत जाऊ. पुढचं तिथं बघू."

दुसऱ्या डोहाजवळ आम्ही एका मोठ्या दगडावर बसून चिक्की खाल्ली. मामा मात्र बसले नाहीत. सारखे वर बघत होते. आम्हाला दिसत होती फक्त निळी पट्टी. थोड्या वेळाने म्हणाले, "चला, फिरा माघारी."

मी वाद घातला. हे मी आज कबूल करतोय. म्हटलं, "मामा, ऊन आहे की! एवढ्या लांबून आलोय, पैसे दिलेत." मामा शांतपणे म्हणाले, "पैशे परत घे. सकाळी रतनगडाच्या मागं ढग चढत होता, तो तू बघितला का? इथनं तो दिसायचा नाय." आणि ते चालायला लागले. वाटाड्याच निघाल्यावर आम्ही काय करणार? मागोमाग निघालो, पुटपुटत.

दुपारी अडीचच्या सुमारास गडगडाट सुरू झाला. गावात पाऊस पडला तो पंचवीस-तीस मिनिटं, तोही काही फार वाटला नाही. पाऊस थांबल्यावर मामा आम्हाला दरीच्या तोंडाजवळ, पण वरच्या सुरक्षित बाजूला घेऊन गेले. दिसण्याच्या आधी ऐकू आलं. पाण्याचा खळखळाट नव्हता तो. दगडावर दगड आपटल्याचा आवाज होता. सकाळी स्वच्छ असलेलं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. आम्ही ज्या दगडावर बसलो होतो तो कुठे दिसेना.

कुणी काही बोललं नाही. मामांनीही "बघा, मी म्हटलं नव्हतं का" असं म्हटलं नाही. परत येताना गाडीत मी एकच विचार करत होतो. आमच्याकडे पाच स्मार्टफोन होते आणि तीन वेगवेगळी वेदर अॅप्स. आणि मामांकडे होती फक्त सकाळी मान वर करून बघायची सवय.

११:१५ | हिशोब करून बघू

घरी आल्यावर मी इंजिनिअरसारखं केलं, आकडेमोड करत बसलो. तुम्हीही करा, सोपी आहे.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. एक चौरस किलोमीटरवर तोच एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख लिटर. आता समजा, एका तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला. घाटमाथ्यावर हे अजिबात अशक्य नाही. झाले पाच कोटी लिटर. तासाने भागलं की सेकंदाला सुमारे १४ हजार लिटर. बेसॉल्टचा कातळ पाणी फार पीत नाही. पण समजा अर्धं पाणी मुरलं किंवा मागे रेंगाळलं. उरलं सेकंदाला सात हजार लिटर. तुमच्या सोसायटीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर दीड सेकंदात रिकामा.

हे पाणी माळावर पसरलं तर घोटाही बुडणार नाही. पण ते दोन मीटर रुंदीच्या फटीत आलं आणि सेकंदाला तीन मीटर वेगाने धावलं तर त्याची उंची होते सुमारे १.२ मीटर. चार फूट. आणि वेगात वाहणारं गुडघाभर पाणीसुद्धा माणसाचे पाय उचलतं. पुढे दरी अजून अरुंद झाली की पाणी रुंद होऊ शकत नाही, मग ते फक्त उंच आणि वेगवान होतं. आपल्या भाषेत, हा बॉटलनेक आहे आणि आपण नेमके त्या बॉटलनेकमध्ये उभे आहोत.

हे आकडे सांदणचं मोजमाप नाहीत, फक्त अंदाज यावा म्हणून केलेलं गणित आहे. पण तुलना बघा. झायन पार्कमध्ये 'द नॅरोज' नावाची अशीच अरुंद वाट आहे, नदीतूनच चालायची. तिथला प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला की ती वाट बंद करतात. १५० घनफूट म्हणजे साधारण सव्वाचार हजार लिटर. आपलं अर्धं करून आलेलं गणितही त्याच्या वर जातं.

आणि अँटिलोप कॅन्यन, तेच रीलवालं. १२ ऑगस्ट १९९७ रोजी तिथल्या खालच्या दरीत पर्यटक होते. वादळी पाऊस झाला तो काही किलोमीटर दूर, दरीच्या वरच्या अंगाला. जिथे लोक उभे होते तिथे पाऊस नावापुरता. पाण्याची भिंत आली आणि ११ जण गेले. त्यांच्या डोक्यावर काय आहे हे बघून त्यांना काहीही कळणार नव्हतं.

आपल्याकडचं उदाहरण तर तुम्ही मोबाइलवर पाहिलंय. ३० जून २०२४, लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या बाजूचा धबधबा. प्रवाहाच्या मध्ये उभं असलेलं कुटुंब, वाढत गेलेलं पाणी. पाच जणांचा जीव गेला. तो व्हिडिओ फॉरवर्ड करताना आपण काय शिकलो, हा खरा प्रश्न आहे. खारघरच्या पांडवकड्यावर पावसाळ्यात बंदी असते तीही अशाच दुर्घटनांमुळे. आणि ही सगळी उघडी ठिकाणं. सांदणमध्ये तर बाजूला सरकायला जागाच नाही.

१३:४५ | मग जायचं कधी?

जून ते सप्टेंबर दरीत उतरायचंच नाही, यात चर्चा नाही. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस आणि दुपारची वादळं असतात, त्यामुळे गावकऱ्यांना विचारल्याशिवाय नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात छान. मार्च-एप्रिलमध्ये पाणी कमी, पण दगड तापलेले.

सगळ्यात फसवा काळ मेअखेर ते जूनची सुरुवात. तेव्हा भंडारदरा, घाटघर, साम्रद भागात काजवे बघायला गर्दी होते. रात्री काजवे झाले की सकाळी "इथपर्यंत आलोच आहोत तर सांदण करू" असं होतं. पण काजवे चमकतात तेच मुळी वळवाचे ढग जमायला लागल्यावर. काजवे बघा, पोटभर बघा. दरी डिसेंबरसाठी ठेवा.

फोनवर काय बघायचं? हवामान खात्याचा जिल्हावार इशारा बघता ना, तिथे एक घोळ आहे. साम्रद अहिल्यानगर जिल्ह्यात येतं, आणि त्या जिल्ह्याचा मोठा भाग कमी पावसाचा. घाटघर-रतनवाडीकडे मात्र पाऊस त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे जिल्ह्याच्या नावापुढे काही नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. शेजारच्या ठाणे आणि नाशिकचा, विशेषतः नाशिकच्या घाटमाथ्याचा इशारा बघा. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अॅप आहे, ते टाकून ठेवा. पण हे सगळं दरीत शिरायच्या आधी. आत गेल्यावर नेटवर्कचा भरवसा नाही. उंच भिंतींमुळे उपग्रहांचे सिग्नल अडतात, त्यामुळे जीपीएसही गोंधळतो. तुमचा फोन तिथे फक्त कॅमेरा असतो.

आत असताना चार खुणा लक्षात ठेवा. पाणी गढूळ होणं. पाण्यात अचानक पानं-काटक्या वाहत येणं. वरून गडगडाट किंवा ट्रक चालल्यासारखी घरघर ऐकू येणं. आणि वारा एकदम गार होऊन वाहायला लागणं. यातलं एकही जाणवलं तर फोटो काढत बसू नका. दरीच्या तोंडाच्या जवळ असाल तर लगेच बाहेर. लांब असाल तर पाण्याशी शर्यत लावू नका, जमेल तेवढ्या उंच दगडावर चढून पाणी ओसरेपर्यंत तिथेच थांबा.

शेवटची दोन गोष्टी. भिंतींवर आग्या मोहोळं असू शकतात. म्हणून ओरडणं, स्पीकर, डिओ, सिगारेट, सगळं बाहेर. आणि वेफर्सचं पाकीट खिशात परत आणा. तिथे टाकलेलं सगळं पुढच्या पावसात वाहत खाली कोकणात जातं.

१५:३० | जाता जाता

आपल्याला सवय आहे, पैसे भरले की प्लॅन पूर्ण झालाच पाहिजे. दरीला तुमचं बुकिंग माहीत नसतं. म्हणून आता आम्ही ट्रेकच्या ग्रुपमध्ये निघायच्या आधीच एक नियम लिहून टाकतो: वाटाड्या म्हणाला फिरा, की फिरायचं, आणि त्याचे पूर्ण पैसे द्यायचे. परत फिरवलं त्याचेही. खरं तर त्याचेच.

जानेवारीत गेलो तेव्हा तेच मामा सोबत होते. त्या दगडाजवळ आलो तर तो जागेवर नव्हता. चार-पाच फूट खाली सरकून आडवा पडला होता. मामा हसले आणि म्हणाले, "बसा आता. चिक्की आणली का?"

आणली होती. त्यांच्यासाठी वेगळं पाकीट.

चला, भेटू पुढच्या भागात. तुम्ही कधी एखाद्या ट्रेकवरून अर्ध्यातून परत फिरला असाल, तर त्याचा व्हॉइस मेसेज नक्की पाठवा. शिखरावरचे फोटो खूप येतात, परत फिरल्याच्या गोष्टी फार कमी. काळजी घ्या!